दुःखाच्या गोष्टीत हसू कुठून येतं आणि ते करतं काय

माणूस गेलेल्या घरात पहिला हशा पिकायला फार दिवस लागत नाहीत. कुणीतरी गेलेल्याची एखादी लकब सांगतं, दुसरं कुणी त्यात भर घालतं, आणि रडून डोळे सुजलेली माणसं पोट धरून हसायला लागतात. मग एकदम सगळे गप्प. कुणी दाराकडे बघतं, कुणी उगाच पाणी प्यायला उठतं. आपण आत्ता हसलो ते शोभलं का, हा विचार सगळ्यांच्या मनात एकदमच येऊन गेलेला असतो.

दुःखाची गोष्ट लिहिणाऱ्याला किंवा चारचौघांत सांगणाऱ्याला हा विचार जास्त छळतो. आजारपण, मृत्यू, युद्ध, ताटातूट यांच्या हकिकतीत विनोद आणावा का? आणला तर कुठे? यावर मिळणारं ठरावीक उत्तर म्हणजे 'आणावा, मन हलकं होतं.' उत्तर चूक नाही, पण फार घाईचं आहे. मन कुणाचं हलकं होतं, सांगणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं? आणि हलकं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

माझं म्हणणं असं की विनोदाने दुःखाचं वजन तसूभरही घटत नाही. ऐकणाऱ्याची तिथे थांबण्याची ताकद मात्र वाढते. सलग दुःख ऐकताना माणूस काही वेळाने आतून दार लावून घेतो. मान हलत राहते, 'अरेरे' म्हणून होतं, पण ऐकणं संपलेलं असतं. नेमक्या जागी आलेलं हसू ते दार उघडं ठेवतं. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर आधी हसू म्हणजे काय ते पाहावं लागेल.

बिघडलेलं, पण ठीक असलेलं

माणूस का हसतो यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने 1651 मध्ये लिहिलं की दुसऱ्याचं उणेपण दिसलं की आपल्याला अचानक स्वतःचा मोठेपणा जाणवतो आणि हसू येतं. इमॅन्युएल कांटने 1790 मध्ये सांगितलं की ताणून धरलेली अपेक्षा एकदम शून्यावर येते, तेव्हा आपण हसतो. हर्बर्ट स्पेन्सरने 1860 मध्ये शरीराकडे बोट दाखवलं: आत साठलेल्या चेतनेला वाट हवी असते, ती हसण्यातून बाहेर पडते. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तिघांचंही एकट्याने भागत नाही.

2010 मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक सुटसुटीत मांडणी केली. हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी जाणवाव्या लागतात. एक, काहीतरी बिघडलंय, रीत मोडलीय, धोका आहे. दोन, तरीही ठीक आहे, घाबरण्यासारखं काही नाही. गुदगुल्या हे याचं सोपं उदाहरण. ओळखीच्या माणसाने केल्या तर हसू येतं, कारण हल्ला आहे पण खोटा आहे. स्वतःच स्वतःला केल्या तर काही होत नाही, कारण हल्लाच नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने केल्या तर हसू सोडा, आपण ओरडू, कारण 'ठीक आहे' हा भागच गायब आहे.

आता हे दुःखाच्या गोष्टीला लावून पाहा. तिथे बिघडलेलं हवं तेवढं असतं. आयुष्यच उलटंपालटं झालेलं असतं, त्यामुळे विनोदाचा कच्चा माल शोधायला कुठे जावं लागत नाही. तुटवडा असतो तो 'ठीक आहे' या जाणिवेचा. म्हणून दुःखातल्या विनोदाचं सगळं कसब गमतीदार वाक्य सुचण्यात नसतं. ऐकणाऱ्याला 'इथे हसलं तर चालेल' हा भरवसा देण्यात असतं. भरवसा असेल तर साध्या वाक्यालाही हशा येतो. नसेल तर उत्तम कोटीही अंगावर येते.

हा भरवसा कशातून मिळतो? पहिली गोष्ट अर्थातच काळ. मॅकग्रॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांना याची तपासणी करण्याची एक संधी मिळाली. ऑक्टोबर 2012 च्या अखेरीस सँडी हे चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं. त्या वादळावरचे तेच ते विनोद त्यांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवले आणि किती हसू आलं ते विचारलं. वादळ यायच्या आधी विनोद बरे वाटत होते. नुकसान कळल्यावर ते नकोसे झाले. मग हळूहळू पुन्हा रंगत गेले आणि साधारण पाच आठवड्यांनी सगळ्यात जास्त हसवू लागले. गंमत त्याच्या पुढे आहे: आणखी दोनेक महिन्यांत ते शिळे झाले. कुणाला त्यांचं काही वाटेनासं झालं.

म्हणजे 'काळ गेला की सगळ्यावर हसता येतं' ही समजूतही तितकीशी खरी नाही. फार जवळ असताना दुखतं, फार लांब गेल्यावर काही वाटत नाही, आणि हसू मधल्या पट्ट्यात असतं. दुखणं जेवढं मोठं तेवढा तो पट्टा लांब सरकतो. किरकोळ फजितीचं गणित उलटं असतं. काल सगळ्यांसमोर पाय घसरून पडलो ही गोष्ट आज सांगितली तर हसू येतं. पाच वर्षांनी सांगितली तर ऐकणारा मनात म्हणतो, बरं मग?

काळाखेरीज दुसरा भरवसा सांगणाऱ्याकडून मिळतो. तो स्वतः जगून-तगून समोर उभा आहे, हे दिसतं. तिसरा भरवसा मायेचा. ज्याच्यावर आपण हसतोय त्याच्यावर सांगणाऱ्याचा जीव होता, हे एकदा कळलं की ऐकणारा निर्धास्त होतो. लेखात हे सिद्ध करायला पानं लागत नाहीत. गेलेल्या माणसाच्या बारीक सवयी सांगणाऱ्याला माहीत आहेत एवढंच दिसलं तरी पुरतं, कारण इतकं बारकाईने आपण फक्त आपल्या माणसाकडेच बघतो.

हसू एकट्याचं नसतं

हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी अनेक वर्षं लोकांच्या गप्पा ऐकून नोंदी केल्या. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या जवळजवळ तीसपट चारचौघांत हसतो. आणि गप्पांमधलं बहुतेक हसू विनोदावर आलेलं नसतंच. 'बरं, निघतो आता' अशा साध्या वाक्यांनंतरही माणसं हसतात. हसणं हा मुळात आपण एकत्र आहोत हे एकमेकांना कळवण्याचा आवाज आहे. रॉबिन डनबर यांच्या गटाने 2011 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असंही दिसलं की सोबत बसून मनापासून हसल्यावर माणसाची शारीरिक वेदना सोसण्याची मर्यादा वाढते.

शोकाशी थेट संबंध असलेला अभ्यास डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांचा, 1997 चा. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी त्या नात्याबद्दल बोलतं केलं आणि त्यांच्या चेहऱ्यांचं चित्रण तपासलं. डोळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात ते हसू खरं, नुसते ओठ फाकतात ते वरवरचं, हा फरक एकोणिसाव्या शतकात ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने दाखवून दिला होता. तोच इथे वापरला. गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना जे खरोखर हसले, त्यांच्यात राग आणि तगमग कमी आढळली. अनोळखी लोकांना ही चित्रणं आवाज बंद करून दाखवली, तर हसणाऱ्यांबद्दल त्यांना जास्त आपुलकी वाटली.

यावरून 'हसा, म्हणजे दुःख संपेल' असा निष्कर्ष कुणी काढू नये. सावरत आलेला माणूसच हसू शकत असेल, असंही असू शकतं. पण त्यातला दुसरा भाग लिहिणाऱ्याच्या फार कामाचा आहे. हसणाऱ्या शोकाकुल माणसाकडे लोक ओढले जातात. सतत रडणाऱ्याची दया येते, पण त्याच्याजवळ बसवत नाही. क्रूर वाटेल, पण असं होतं खरं.

भवभूतीचा घोडा

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने या प्रश्नावर बारकाईने विचार केला होता. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त कोणता रस कोणत्या रसाच्या विरोधी हे सांगताना हास्य आणि करुण यांना एकमेकांचे वैरी ठरवलं. एकत्र आले तर एकमेकांना मारतील, असा तो इशारा. त्याच्या तीनेकशे वर्षं आधी अभिनवगुप्ताने मात्र एक मार्मिक गोष्ट नोंदवली होती: कोणताही रस बेगडी झाला, की त्याचं हास्य होतं. करुणाचंसुद्धा. हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. रंगमंचावर नट जरुरीपेक्षा जास्त हंबरडा फोडू लागला की मागच्या रांगेतून खुसखुस ऐकू येते. दुःखाच्या गोष्टीत तुम्ही हसू आणलं नाहीत, तर ते नको तिथे आपणहून येण्याची शक्यता असते. लेखकाने स्वतः योग्य जागी हसवलं, तर निदान जागा त्याच्या हातात राहते.

शास्त्राने वैरी ठरवलेल्या या दोघांना एकत्र नांदवण्याचा सुरेख नमुना विश्वनाथाच्या कित्येक शतकं आधी होऊन गेलेला आहे. भवभूतीचं 'उत्तररामचरित' म्हणजे करुणरसाचं नाटक. 'रस एकच, तो करुण' असं त्यातलं पात्रच म्हणतं. भवभूतीने या नाटकात विदूषकही ठेवलेला नाही. चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात जनक आणि कौसल्या भेटतात. सीतेला वनात सोडल्याला बारा वर्षं झालीत. ती जिवंत नाही असंच दोघांना वाटतंय. एकमेकांकडे बघायचंसुद्धा धैर्य होत नाही, कौसल्येला तर मूर्च्छा येते. एवढ्यात खेळणाऱ्या मुलांमधला एक तिथे येतो. तो लव. तो कोण हे दोघांनाही ठाऊक नाही, पण त्याच्या चेहऱ्यात त्यांना राम दिसतो, सीता दिसते. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागलेला.

आणि इथे आश्रमातली पोरं धावत येतात. त्यांनी घोडा बघितलाय! गावांत 'घोडा घोडा' म्हणतात तो प्राणी म्हणे आज प्रत्यक्ष दिसला. लव विचारतो, कसा आहे तो? मग वर्णन: मागे भलंमोठं शेपूट आहे, ते सारखं हलवतो. मान लांब आहे. खूर चारच आहेत. गवत खातो. आंब्याएवढ्या लिदी टाकतो. मग मुलांचा धीर सुटतो, समजावत काय बसायचं, तो लांब चाललाय, चल चल, असं म्हणत ती लवाला हातांना आणि मृगाजिनाला धरून ओढत घेऊन जातात.

'खूर चारच' यातला 'च' मला या प्रवेशातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट वाटते. पोथीत प्राण्यांची यादी पाठ केलेल्या मुलांनी मोजून खात्री केलेली आहे. भवभूतीने इथे एकही कोटी केलेली नाही. मुलं मुलांसारखी वागली, एवढंच. शोकात बुडालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या घोड्याशी काही कर्तव्य नाही, आणि मुलांना त्यांच्या शोकाची गंधवार्ता नाही. दोन जगं शेजारी शेजारी उभी आहेत आणि त्या सांध्यातून हसू येतं. ते हसू कथेला सोडूनही नाही. तो घोडा रामाच्याच अश्वमेधाचा आहे, आणि त्याच्यामागे धावत गेलेला लव बापाच्या सैन्याशी लढायला उभा राहणार आहे. प्रेक्षक लिदीवर हसतो तेव्हाच पुढचं संकट रंगमंचावर येऊन ठेपलेलं असतं.

चिकटवलेला विनोद आणि आतून आलेला

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा, वडील गेल्याबद्दल कुणाला चार ओळी लिहायच्या आहेत. पहिली तऱ्हा अशी:

'बाबा गेले आणि घर ओकंबोकं झालं. प्रत्येक वस्तूतून त्यांची आठवण दाटून येत होती. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.'

यात खोटं काही नाही, पण हे कुणाचेही बाबा असू शकतात. आता कुणीतरी सल्ला देतं की जरा हलकंफुलकं कर. मग दुसरी तऱ्हा होते:

'बाबा गेले. म्हणजे वरच्या ऑफिसात बदली झाली म्हणा ना! आता चित्रगुप्ताच्या वह्या तपासत बसले असतील.'

हा चिकटवलेला विनोद. तो बाबांबद्दल काही सांगत नाही. लेखकाला गंभीर राहणं अवघड जातंय एवढंच सांगतो. वाचणाऱ्याला ओठ ताणून हसावं लागतं. तिसरी तऱ्हा:

'बाबांना वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायची सवय होती. पंपाच्या बटणापाशी: ओल्या हाताने लावू नये. कपाटावर: दार ओढू नये, उचलून उघडावे. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यावर: यात काही नाही. ते गेल्यावर आठवड्याने आम्ही तो डबा उघडला. त्यात काही नव्हतं.'

इथे 'दुःख' हा शब्दच नाही. चिठ्ठ्यांवर हसू येतं, कारण असा माणूस आपण बघितलेला असतो. आपल्यावाचून या घराला कपाटसुद्धा उघडता येणार नाही अशी ठाम खात्री असलेला. त्या चिठ्ठ्यांमधून बाबा दिसतात, म्हणजे विनोद इथे माहिती देण्याचं काम करतोय. आणि शेवटच्या वाक्यावर हसू अर्ध्यात अडकतं. माणूस गेल्यावर घरचे माळा का धुंडाळत होते? डब्यात काय सापडेल असं त्यांना वाटत होतं? हे विचारलेलं नाही, सांगितलेलं नाही, वाचणाऱ्याच्या पदरात पडतं.

याच्यापुढे 'पण आमच्यासाठी तो डबा आठवणींनी भरलेला होता' असं वाक्य लिहिलं की सगळं संपलं. दुःखाच्या गोष्टी लिहिणारे भलेभले या वाक्याच्या मोहात पडतात. हसवल्याचं प्रायश्चित्त म्हणून शेवटी थोडं रडवून घ्यायचं, अशी ती अपराधी वृत्ती असते. हसू आणि हुंदका एकाच वाक्यात आलेले असतील तर तिथून निमूट बाजूला व्हावं.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. विनोदी वाक्य खोडून पाहायचं. खोडल्यावर माणूस किंवा प्रसंग थोडा कमी समजला तर ते वाक्य राहू द्यावं. काहीच कमी झालं नाही तर ते चिकटवलेलं होतं. दुःखाच्या गोष्टीत कच्चा माल बहुधा तीनच जागी असतो: माणसाच्या न सुटणाऱ्या सवयी, दुःखाची दखल न घेता चालू राहिलेलं बाकीचं जग, आणि दुःखात माणसं जे अजब व्यवहारी बोलतात ते. यातल्या दुसऱ्या जागेचा नमुना म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्याच नावाने येणारं पत्र: 'आपण आमची सेवा बंद केल्याचं समजलं. कारण कळवल्यास आभारी राहू.' असलं वाक्य कल्पनेने रचायला जाल तर कुणी विश्वास ठेवणार नाही. जग मात्र ते टाइप करून, वर नाव-पत्ता घालून पाठवतं.

आधी हसू की आधी घाव

क्रमाने फार फरक पडतो. घाव आधी आणि हसू नंतर असेल तर सुटका होते. श्वास सुटतो, माणूस पुढचं ऐकायला तयार होतो. हसू आधी आणि घाव नंतर असेल तर उलट होतं. हसताना माणूस बेसावध असतो, तेव्हा बसलेला घाव खोल जातो. दोन्हींचा उपयोग आहे. कुठे काय चाललंय हे लेखकाला ठाऊक हवं.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातला तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ यांवर प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या हसले. शोकांतिकेत विसावा म्हणून हे प्रवेश घातले, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तळीराम हा विसावा असता तर तो कथेच्या कडेला बसला असता. इथे नायकाच्या, सुधाकराच्या, हाती प्याला देणारा तोच आहे. दारूचं त्याचं समर्थन इतकं खुमासदार आहे की आपणही हसून माना डोलावतो, आणि सुधाकर नेमका त्याच रस्त्याने खाली जातो. आपलं हसू त्या व्यसनाच्या मोहाचा पुरावा ठरतं. नुसता भेसूर खलनायक दाखवला असता तर सुधाकर मूर्ख वाटला असता. तळीराम हसवतो, म्हणून सुधाकराचं फसणं समजतं.

हसायचा हक्क कुणाचा

ज्याचं दुःख त्याचा पहिला हक्क, हा नियम कुठेही लिहिलेला नसला तरी सगळ्यांना कळतो. आजारी माणूस स्वतःच्या टकलावर विनोद करतो तेव्हा सगळे हसतात. भेटायला आलेल्याने तोच विनोद केला तर खोली गार पडते. फ्रॉइडने या जातीच्या विनोदाचा एक नमुना दिला आहे: सोमवारी सकाळी फाशीला नेला जाणारा कैदी म्हणतो, 'वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली.' ऐकणारा कीव करायच्या तयारीत असतो, आणि ज्याची कीव करायची तोच ती नाकारतो. 1927 मधल्या निबंधात फ्रॉइडने याचा खुलासा असा केला की मनाचा एक भाग वडीलधाऱ्यासारखा होऊन दुसऱ्या, घाबरलेल्या भागाला सांगतो, बघ, एवढंच तर आहे. हेच वाक्य जल्लादाने म्हटलं असतं तर? शब्द तेच, आणि हसू कुठल्या कुठे.

व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञाने नाझी छळछावण्यांमधले अनुभव 1946 मध्ये लिहिले, त्यात अशीच एक हकिकत आहे. बांधकामावर शेजारी काम करणाऱ्या मित्राशी त्याने ठराव केला होता: सुटका झाल्यानंतर घडू शकेल असा एक तरी गमतीदार प्रसंग रोज रचून सांगायचा. इतर कैदीही असे प्रसंग रचत. त्यातला एक असा, की पुढे कधीतरी ते कुणाकडे मेजवानीला जातील आणि सवयीने यजमानीणबाईला विनवतील, सूप जरा तळातून वाढा. छावणीत वरवरचं सूप म्हणजे नुसतं पाणी. जे काही चार दाणे असतील ते तळाशी. या विनोदात भूक पुरेपूर आहे. पण त्यात सुटकाही गृहीत धरलेली आहे.

थट्टा नेमकी कशाची, हा दुसरा प्रश्न. चॅप्लिनच्या 1925 च्या 'द गोल्ड रश'मध्ये उपाशी माणूस बूट उकडून खातो. नाडी काट्याला गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो, सगळं मेजवानीच्या थाटात. आपण भुकेवर हसत नाही. भुकेपुढेही न सुटलेल्या त्याच्या ऐटीवर हसतो, आणि त्यामुळे त्याची भूक जास्त जाणवते. दुर्बळाची दैना हा विषय केला की विनोद ओंगळ होतो. त्याचा हट्ट, त्याची ऐट, त्याला गांजणाऱ्याचा मूर्खपणा हे विषय चालतात. आंद्रेआ सॅमसन आणि जेम्स ग्रॉस यांच्या 2012 च्या प्रयोगांत याला थोडा आधार मिळतो: अप्रिय चित्रं पाहताना सहृदय विनोद केला तर मन जास्त सावरतं, कुत्सित केला तर तेवढं नाही.

आणि काही ठिकाणी हक्क असूनही हात आखडता घ्यावा लागतो. त्याच चॅप्लिनने 1940 मध्ये हिटलरची खिल्ली उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' काढला. 1964 च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की छावण्यांमधल्या भीषणतेची खरी कल्पना असती तर तो चित्रपट मला काढता आला नसता. चित्रपट वाईट होता असं तो म्हणत नाही. 'ठीक आहे' ही जाणीव ज्या अज्ञानावर उभी होती, ते अज्ञान उरलं नव्हतं.

विनोद पळवाट होतो तेव्हा

काही माणसं दुःखाविषयी विनोदाशिवाय बोलूच शकत नाहीत. कॅनडाचे रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच पायदळी तुडवणारा. शेवटचा दिसायला दिलदार असतो. सगळे हसतात, आणि बोलणाऱ्याचं मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

ओळखायचं कसं? विनोद कुठे येतो ते पाहावं. सावरणारा विनोद कुठेही येतो आणि त्याच्यानंतर गोष्ट पुढे सरकते. पळवाटेचा विनोद दर वेळी एकाच जागी येतो, बोलणं एका विशिष्ट दिवसाजवळ किंवा नावाजवळ पोचलं की, आणि विषय तिथेच बदलतो. लिखाणातही हे दिसतं. मसुदा पुन्हा वाचताना सगळे विनोद एकाच प्रसंगाच्या अलीकडे दाटलेले आढळले, तर तो प्रसंग अजून लिहून झालेला नाही.

समोर बसून ऐकणाऱ्याची गोची वेगळीच असते. सांगणारा स्वतःच्या दुःखावर विनोद करतो तेव्हा हसावं की नाही? न हसता 'तुला खूप त्रास झाला असेल ना' असं भरल्या आवाजात म्हणणं हा त्याने पुढे केलेला हात झिडकारण्याचा प्रकार आहे. त्याच्यापेक्षा मोठ्याने हसणं, किंवा त्यावर आपली कोटी चढवणं, हाही आगाऊपणा. तो हसला तेवढं हसावं आणि हसू ओसरल्यावर विचारावं, 'मग पुढे काय झालं?'